होऊ घातलेल्या जिल्ह्यातला एक हत्ती

आमचं तालुक्याचं गाव जिल्हा होणार, ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी येते आणि प्रत्येक वेळी गावाला ती नवीन वाटते. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात ती जरा जास्तच जोरात आली. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं. आमच्याकडे नळाला शेवटचं पाणी कधी आलं यावर घराघरांत मतभेद होते. आणि नेमक्या त्याच दिवसांत लातुरातले काही आणि नांदेडातले काही तालुके तोडून नवा जिल्हा करणार, असं मुंबईहून कुणीतरी कुणालातरी फोनवर सांगितलं. चहाच्या टपऱ्यांवर नकाशे निघाले. देवणी आपल्यात येणार हे नक्की होतं. शिरूर अनंतपाळ येईल की नाही यावर दोन तट पडले. देगलूरचे लोक नांदेड सोडतील का, हा प्रश्न देगलूरच्या लोकांना न विचारता सोडवण्यात आला. ते आले.

कलेक्टर कचेरी आणि एसपी ऑफिस सरकारच्या हातात होतं. आपल्या हातात होतं ते गावानं ताबडतोब करून टाकलं, म्हणजे जिल्हा पातळीच्या संघटना काढल्या. महिनाभरात गावात इतके जिल्हाध्यक्ष झाले की चौकात नुसतं ‘अध्यक्ष’ म्हणून हाक मारली तर पाच-सात जण वळून बघत. त्यात एक जिल्हा बुद्धिबळ संघटनाही होती. तिच्या लेटरहेडवर ‘जिल्हा’ हा शब्द ठळक होता आणि त्याच्या अलीकडे ‘नियोजित’ हा शब्द मुंगीच्या पायाएवढा. शिक्क्यावर दोन्ही शब्द मावत नव्हते, म्हणून शिक्क्यात एकच ठेवला. कोणता ते सांगायला नको.

संघटनेचे अध्यक्ष पाण्याच्या टँकरचे ठेकेदार होते. बुद्धिबळाशी त्यांचा संबंध विचारला तर एवढंच सांगता येईल की त्या उन्हाळ्यात अख्खं गाव त्यांनी टाकलेल्या चालीवर हलत होतं. सचिव कॉम्प्युटर क्लास चालवत. त्यांना खेळ येत होता, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्याकडे लॅपटॉप होता आणि त्यात बुद्धिबळाचा एक प्रोग्राम होता. प्रोग्राम जुना होता, कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीतला. पण सचिव त्याला ‘इंजिन’ म्हणत आणि उच्चार असा करत की ऐकणाऱ्याला रेल्वे आठवावी.

मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. बुद्धिबळ बरं खेळत होतो, म्हणजे आपल्याहून कच्च्या माणसाशी फार छान खेळत होतो. संघटनेनं राज्य स्पर्धेसाठी चार खेळाडूंची निवड चाचणी ठेवली तेव्हा मी नाव दिलं. मला त्यातून काय हवं होतं ते आज नीट सांगता येत नाही. ऑन ड्युटी रजा, स्थानिक पेपरात फोटो, स्टाफरूममध्ये दोन दिवस चर्चा. एवढ्यासाठी माणूस काय काय करू शकतो, ते मला पुढे समजलं.

चाचणी मंगल कार्यालयात होती. ते रिकामंच पडलं होतं, कारण पाहुण्यांना हात धुवायला पाणी कुठून द्यायचं या चिंतेनं लोकांनी लग्नं पुढं ढकलली होती. शेवटच्या फेरीपर्यंत तीन जागा ठरल्या. चौथ्या जागेसाठी माझा डाव जिच्याशी पडला, तिची ओळख करून देतो. वय पंचविशीचं. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, आणि आजोबांच्या पिढीत धम्मदीक्षा घेतलेलं घर. खेळ वडिलांकडून शिकली, डेपोतल्या ग्रीसचे डाग पडलेल्या पटावर. घर गावाच्या दक्षिण टोकाला, जिथं टँकर सगळ्यात शेवटी जातो. पदवीनंतर ती लातूरच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करत होती आणि दोनदा थोडक्यात हुकली होती. राज्य स्पर्धेत नंबर आला तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करता येतो, म्हणून तिला तिथं जायचं होतं. वडील त्या वर्षी निवृत्त होणार होते. घरानं तिला आणखी एक वर्ष दिलं होतं आणि त्यानंतर ‘बघू’ असं ठरलं होतं. आमच्याकडे घरातली मोठी माणसं ‘बघू’ म्हणाली की मुलाकडच्यांना निरोप गेलेला असतो.

म्हणजे माझ्या बाजूला एक फोटो होता आणि तिच्या बाजूला पुढचं सगळं आयुष्य. जो जिंकेल तो जाणार. बरोबरी झाली तर मी जाणार, कारण माझा अर्धा गुण जास्त होता.

पांढरी मोहरी माझ्याकडे आली. पंधराएक चालींत मी माझा राजा वजिराच्या बाजूला नेऊन तीन प्याद्यांच्या भिंतीआड बसवला. भिंतीपुढं घोडा उभा केला. शहाण्या माणसानं जे जे करायचं ते सगळं मी केलं होतं, आणि त्याचं समाधान चेहऱ्यावर येऊ नये म्हणून पाण्याच्या बाटलीला हात घातला. तेवढ्यात तिनं आपला हत्ती उचलला आणि माझा तो घोडा खाल्ला.

हत्तीला माझं प्यादं मारत होतं. मी मारला. मग तिच्या घोड्यानं माझं मधलं एक प्यादं घेतलं आणि ती मागे टेकून बसली. मी हिशेब केला. हत्तीचे पाच, घोड्याचे तीन, प्याद्याचा एक. काहीही धरा, मी वर होतो. मात दिसत नव्हती. शह दिसत नव्हता. फक्त माझ्या राजापुढची भिंत मोडली होती. प्यादी एकावर एक चढली होती, शेजारची रांग उघडी पडली होती, आणि लांबच्या कोपऱ्यात बसलेला तिचा काळा उंट आता थेट माझ्या दारात बघत होता.

अध्यक्ष माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि कुजबुजल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, “पोरीनं हत्ती घालवला की हो.”

चाल माझी होती. मी विचार करत असताना बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

संघटनेच्या छापील नियमांत सातवा नियम होता, ‘टँकर आल्यास घड्याळे थांबवावीत.’ जगात दुसरीकडे कुठं असा नियम असेल असं वाटत नाही, पण आम्हाला तो अगदी नैसर्गिक वाटला होता. आठ-दहा दिवसांतून एकदा टँकर आला की शाळा सुटत, दुकानांची शटरं अर्धी खाली येत, आणि एकदा तर एका अंत्ययात्रेतले लोक खांदा बदलून घागरी लावायला गेलेले मी पाहिले आहेत. हॉर्न आमच्या बाजारपेठेकडच्या गल्लीचा होता. सचिव, अध्यक्षांची माणसं, मी, सगळे उठलो. ती उठली नाही. तिच्या वस्तीत टँकर संध्याकाळी येणार होता.

पाईप धरून दोन बॅरल आणि सहा घागरी भरेपर्यंत मी मनातल्या मनात डाव खेळत होतो. राजा उजवीकडे नेला तर तिचा वजीर आडवा येतो. तिथंच ठेवला तर उंट आणि घोडा मिळून एकेक घर काढून घेतात. सहाव्या घागरीपर्यंत मला कळलं की आपण हरलो आहोत. कसे ते नेमकं कळलं नव्हतं, पण घरात साप शिरलेला असावा आणि कुठल्या खोलीत ते माहीत नसावं, तसं ते कळणं होतं.

परत आलो तर मंगल कार्यालयात सतरंज्या घातल्या जात होत्या. चार वाजता तिथं जिल्हा कृती समितीची सभा होती आणि ती आधीच ठरलेली आहे हे संघटनेला आत्ता आठवलं होतं. सचिवांनी तोडगा काढला होता. त्यांनी आमचा डाव लॅपटॉपमध्ये भरला होता.

“खेळून संपवायला टाइम नाही,” ते म्हणाले. “इंजिन फैसला देईल. एकदम निष्पक्ष.”

तो प्रोग्राम निवाडा कसा करायचा, हे सांगायला हवं. अशा यंत्राला आधी मोजायला शिकवलेलं असतं. प्याद्याला एक, घोड्याला आणि उंटाला तीन-तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ. राजा अमोल, म्हणून त्याला भाव नाही. राजाच्या सुरक्षेसाठी वेगळं कोष्टक असतं. समोरची प्यादी जागेवर आहेत का, शेजारची रांग उघडी आहे का, राजाभोवतीच्या घरांवर शत्रूचे किती मोहरे रोखलेले आहेत. एकटाच असेल तर यंत्र त्याच्याकडे फारसं बघत नाही. दोन असले तर थोडे गुण कापतं. तिसरा आला की गुण भराभर कापले जातात. ही पद्धत आमच्या तहसीलइतकी दुसऱ्या कुणाला समजणार नाही. एक माणूस अर्ज घेऊन आला तर शिपाई ‘उद्या या’ म्हणतो, तिघं आले तर बाकावर बसवतात, आणि शंभर आले की साहेब स्वतः पायऱ्या उतरून निवेदन घ्यायला येतात.

यंत्र पुढच्या काही चाली खेळून बघतं आणि जिथं नजर संपते तिथं थांबून मोजतं. संकट त्या नजरेच्या एक घर पलीकडे असेल तर ते त्याच्या लेखी नसतंच. आमचा टंचाई आराखडाही तीस जूनला संपतो. एक जुलैला पाणी असतं, असं कागद धरून चालतो. यंत्राला जास्त वेळ दिला तर त्याची नजर आणखी पुढं जाते आणि आकडा बदलत राहतो. म्हणून आकड्याइतकंच महत्त्व तो किती वेळानं वाचला याला आहे. पण आकडा पडद्यावर दिसतो आणि वेळ दिसत नाही.

“प्लस वन पॉइंट फोर,” सचिवांनी जाहीर केलं. “पांढरं वर आहे. सर जिंकून राहिले.”

“म्हणजे कितीनं?” अध्यक्षांनी विचारलं.

“साधारण दीड प्याद्यानं.”

“अर्धं प्यादं कुठून आणलं मशीननं?”

“ते दशांशात असतं, अध्यक्ष.”

“असू दे,” अध्यक्ष म्हणाले, आणि तिच्याकडे वळले. पुढच्या प्रकाराला त्यांनी चौकशी म्हटलं. ती उभी होती आणि आम्ही खुर्च्यांवर होतो. “ताई, एक सांगा. हत्ती चुकून गेला का मुद्दाम दिला?”

“मुद्दाम दिला.”

“घोड्यासाठी?”

“हाव.”

“देवणीच्या बाजारात बैल देऊन कालवड आणली तर घरचे घरात घेतील का?”

“बैल मारका असंल तर घेतील की,” ती म्हणाली.

कुणीतरी हसलं आणि अध्यक्षांनी तिकडं पाहिल्यावर थांबलं.

“फायदा काय झाला, ते बोला.”

“सरांचा राजा उघडा पडला.”

“पडला. मेला का?”

“न्हाई.”

“कधी मरल?”

“ते आत्ता कसं सांगू? पण सुखानं बसणार न्हाई.”

“सुखानं ह्या दुष्काळात बसलंय कोण?” अध्यक्ष म्हणाले. आता सगळे हसले, आणि मी हसलो. ते मला विसरायला आवडलं असतं.

“मशीनला अजून जरा वेळ देता का?” तिनं सचिवांना विचारलं. “बघा, आकडा खाली येऊन राहिलाय.”

खरोखरच येत होता. एक पॉइंट एक झाला होता. मग पॉइंट नऊ. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. तापमान उतरताना घरचे लोक थर्मामीटर बघतात तसे. फरक एवढाच की इथं उतरलेलं कुणाला नको होतं.

“कामून कमी होऊन राहिलं?” अध्यक्षांनी विचारलं.

“लॅपटॉप तापलाय. उन्हाचा परिणाम,” सचिव म्हणाले, आणि पॉइंट सहावर त्यांनी झाकण बंद केलं. “पण आहे प्लसच. शून्याच्या वर म्हणजे वर. फैसला झाला.”

मी त्या झाकणाकडे पाहत होतो. पॉइंट सहा हा आकडा मला त्या क्षणी अतिशय न्याय्य वाटला, हे लिहून ठेवतो. मी काही केलं नव्हतं. मी फक्त बसलो होतो. यंत्र माझ्याबद्दल चांगलं बोललं होतं आणि मध्ये बोलणं असभ्य दिसलं असतं.

ती आपली पिशवी उचलायला वाकली. रडली नाही, भांडली नाही. आपली डाव लिहिलेली चिठ्ठी तिनं नीट चौघडी करून पिशवीत ठेवली, पुढं कधी कुणी विचारलं तर दाखवायला असावी तशी. ते पाहून मी म्हणालो, “थांबा. मी हार मानतो.”

अध्यक्षांना वाटलं की ऊन लागलं. त्यांनी माझ्यासाठी सरबत मागवलं.

“सर, जिंकलेल्या माणसाला हार मानता येत न्हाई,” ते म्हणाले.

“बुद्धिबळात कुणालाही कधीही मानता येते.”

“मशीन म्हणतंय तुमी वर हाव. मशीनच्या विरोधात तुमी कसं काय हरता?”

“मला माझा राजा दिसतोय.”

“सर, तुमचा मोठेपणा मला माहीत हाय,” अध्यक्ष समजुतीनं म्हणाले. “पण उद्या राज्यवाल्यांनी विचारलं की ह्या जिल्ह्यात कॉम्प्युटर असून बी त्याचं ऐकत न्हाईत का, तर इज्जत कुणाची जाईल? खामखा हट्ट करू नका. फारच वाटत असंल तर तब्येतीचं कारण लिहून द्या. तुमच्या जागी राखीव म्हणून ताईला पाठवू.”

मला ती उत्तम सोय वाटली. मी कागद मागितला. ती मात्र दारातून परत आली.

“राखीव नको,” ती म्हणाली. “माझ्या नावापुढं ते लिहायला लोकांना लई बरं वाटतं सर. इथं तरी नको. मी डाव चांगला खेळले.”

“म्हणून तर मी हार मानतोय,” मी म्हणालो.

“पटावर मानली तर ती हार. समितीपुढं मानली तर ते दान. मला दान नको. तुमची चाल हाय, करा.”

कार्यालयात जागा उरली नव्हती, कारण कृती समितीचे लोक आले होते. आम्ही पट उचलून बाहेरच्या पायऱ्यांवर मांडला. घड्याळं आत कपाटात कुलुपात होती. आत माईक सुरू झाला. जिल्हा हा आमचा हक्क आहे आणि तो मिळाल्यावर पाणी आपोआप येईल, असं कुणीतरी टाळ्यांच्या गजरात सांगत होतं. पायऱ्यांवर सावली होती, म्हणून सभेतली थोडी माणसं आमच्याभोवती येऊन बसली. त्यात एक देगलूरचा आडत्या होता. तो तेलुगूत स्वतःशी काही म्हणे आणि मराठीत आम्हाला “खेळा, खेळा” म्हणे.

मी खरं खेळलो. तेवढं माझ्या बाजूनं सांगता येतं. मघाशी हरायला निघालेला माणूस पट पुढं आल्यावर इतका चिवट होतो, याचं मलाच आश्चर्य वाटलं. राजाला एका घरातून दुसऱ्या घरात नेलं, दुसऱ्यातून पहिल्यात आणलं. तिचा वजीर आला, घोडा आला, त्या लांबच्या उंटानं तर जागाच सोडली नाही. कोष्टकातला तिसरा मोहरा आला तेव्हा शेवटी मी तेच केलं जे अशा वेळी करावं लागतं. माझा एक हत्ती देऊन तो उंट मारला. म्हणजे तिनं जे आपणहून दिलं होतं ते तिनं धाक दाखवल्यावर मी परत केलं. वजीर निघून गेले, पट मोकळा झाला, माझा राजा जिवंत राहिला. पण तिची दोन प्यादी जास्त होती आणि ती चालू लागली.

मध्येच तिचा फोन वाजला. तिच्या वस्तीत टँकर आला होता.

“थांबू या,” मी म्हणालो. “सातवा नियम.”

“बाबा हायेत घरी,” ती म्हणाली आणि फोनवर सांगितलं, “घागरी तुमीच लावा, माझं चालू हाय.” मग माझ्याकडे बघून, “चला सर.”

तिचं प्यादं शेवटच्या घराला एक पाऊल उरलेलं असताना मी राजा आडवा केला. आडत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तेलुगूत सांत्वन केलं. मला कळलं नाही, पण तेवढं पुरलं. आम्ही दोघांनी चिठ्ठ्यांवर निकाल लिहून सह्या केल्या.

“एक विचारू?” मी म्हणालो. “हत्ती देताना हे सगळं दिसत होतं?”

ती मोहरी डब्यात भरत होती. “खरं सांगू? न्हाई दिसलं. तुमचा तो घोडा तिथं बसलेला मला बघवत नव्हता. तो गेला की पुढं काहीतरी बरं होईल, एवढंच वाटलं.”

तेव्हा ते उत्तर मला अपुरं वाटलं होतं. अलीकडे मी तोच डाव फोनवरच्या नव्या इंजिनला घालून पाहिला. आताची यंत्रं कोष्टक पाठ करून बसत नाहीत. ती स्वतःशीच अगणित डाव खेळून आणि ते पुन्हा पुन्हा चाळून शिकतात. एक घोट चहा पिईपर्यंत फोननं सांगितलं की हत्ती देणंच बरोबर, काळं वर आहे. का, ते त्याला सांगता येत नाही. आत आकड्यांचं असं जाळं असतं की ते बनवणाऱ्यालाही बोट ठेवून कारण दाखवता येत नाही. म्हणजे आमच्या अध्यक्षांसमोर ते यंत्र उभं केलं असतं तर चौकशीत तेही नापास झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी आमच्या सह्यांची चिठ्ठी पाहून डावाची शेवटची स्थिती लॅपटॉपमध्ये भरली. पडद्यावर उणे अकरा आलं. त्यांचा चेहरा उजळला. आता यंत्रच म्हणत होतं, तेव्हा कुणी चुकलं असं म्हणायचं कारण उरलं नाही. लातूर भागात शिक्षणाची परंपरा असल्यामुळे शब्दही तयार होता. नोटीस बोर्डावर कागद लागला, ‘फेरमूल्यांकनात निकालात बदल.’ चौथ्या जागी तिचं नाव आलं. अध्यक्षांनी तिचा सत्कार केला आणि भाषणात सांगितलं की हत्ती दिला त्याच क्षणी त्यांनी ओळखलं होतं.

ती जाणार, नंबर आणणार, अर्ज करणार, असं सगळ्यांनी धरलं. ज्या रविवारी राज्य स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्या होत्या त्याच रविवारी तिची एक परीक्षा होती. ती सोडायची तिची तयारी होती. तसं तिनं घरी सांगितलंही होतं.

यादी शिक्क्यासह राज्य संघटनेला गेली. आठवड्यानं उत्तर आलं. ते सभ्य होतं. आपल्या पत्रात उल्लेख केलेला जिल्हा आमच्या नोंदीत आढळून येत नाही, आपण कृपया तो कुठे आहे हे कळवावे. लातूरची आणि नांदेडची अधिकृत निवड होऊन गेली होती. अध्यक्षांनी फोनाफोनी केली, एका आमदाराचा शब्द खर्ची घातला, आणि शेवटी राज्यवाल्यांनी परवानगी दिली. या चौघांनी स्पर्धेसाठी नांदेडला यावं, खेळावं, जेवावं, पण ‘अतिरिक्त’ म्हणून. त्यांचे गुण क्रमवारीत धरले जाणार नाहीत. अध्यक्षांनी गावात पेढे वाटले. त्यांच्या मते राज्यानं आपला जिल्हा तत्त्वतः मान्य केला होता.

मी ती बातमी घेऊन बस स्टँडवर गेलो, कारण ती लातूरच्या गाडीची वाट बघत होती. हातात पुस्तकांची पिशवी होती. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं.

“म्हणजे सगळ्यांना हरवलं तरी नंबर न्हाई?”

“नाही.”

“प्रमाणपत्र?”

“सहभागाचं मिळेल.”

तिनं फार वेळ घेतला नाही. मी त्या पायऱ्यांवर एकेका चालीला पंधरा-पंधरा मिनिटं घेतली होती.

“मग मी जात न्हाई सर. परीक्षा देते.”

“अगं, पण जागा तू जिंकलीस.”

“जिंकले ना. ती काय कुणी काढून घेऊन राहिलंय का?” गाडी लागली तशी ती पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, “आता चौथे तुमीच. मशीननं तुमचंच नाव सांगितलं होतं की.”

तिचा निकाल पावसाळा सरल्यावर लागला. ती आता लातूरला एका सरकारी कार्यालयात आहे, आणि तिच्या नावापुढं जे पद लिहिलंय ते तिनं लेखी परीक्षेतून मिळवलेलं आहे.

मी नांदेडला गेलो. नको म्हणायला दोन दिवस होते, पण रजा मंजूर झाली होती. निघायच्या दिवशी सकाळी संघटनेचा माणूस घरी संघाचा ब्लेझर देऊन गेला. भर उन्हाळ्यात लोकरीचा, खिशावर जिल्ह्याचं नाव जरीनं विणलेलं. माझं माप कुणी कधी घेतलं होतं ते मला आठवेना. घालून पाहिला. खांद्यात, बाहीत, पोटावर अगदी बरोबर बसला. आतल्या बाजूला शिंप्यानं चिकटवलेली चिठ्ठी तशीच राहिली होती. तिच्यावर माझं आडनाव होतं आणि तारीख निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यातली होती.